मिनी पोकलेनची चेन सारखी उतरते? आधी ती कुठून उतरली ते बघा

एक-दीड टनाचं स्वस्तातलं मिनी पोकलेन घेतलं की पहिल्या पावसाळ्यात एक तक्रार ठरलेली असते: चेन उतरते. ती बसवायची, ग्रीस मारून ताणायची, दोन दिवस काम करायचं, की पुन्हा ठिबकच्या चरीशेजारी मशीन एका कुशीवर आणि चेन बाजूला. मग कोणी तरी सांगतं, “अजून ताण दे.” हा सल्ला निम्म्या वेळा चूक असतो, आणि काळ्या मातीत तर हमखास चूक. ढिली चेन उतरते हे खरं, पण चिखल भरलेली घट्ट चेनही उतरते, आणि उतरण्याआधी सील, बेअरिंग आणि रबराच्या आतल्या पोलादी तारा खाऊन जाते.

रबरी पट्ट्यालाही आपल्याकडे चेनच म्हणतात, म्हणून इथे तोच शब्द वापरला आहे. पुढचं गुळगुळीत चाक म्हणजे आयडलर, मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, आणि मधली खालची छोटी चाकं म्हणजे रोलर. चेनचा ताण आयडलरच्या मागच्या ग्रीस सिलिंडरने ठरतो. त्यात ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो.

पहार हातात घेण्याआधी

उतरलेली चेन जशी आहे तशी राहू द्या, मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि एवढं बघून ठेवा. चेन आयडलरवरून निघाली की स्प्रॉकेटवरून? मशीनच्या आतल्या बाजूला गेली की बाहेर? त्या वेळी मशीन पुढे जात होतं, मागे येत होतं की वळत होतं? आणि मागच्या वेळीही हीच बाजू होती का?

या उत्तरांत अर्धं निदान असतं. दरवेळी डावीच किंवा उजवीच चेन उतरत असेल तर दोष त्या बाजूच्या लोखंडात किंवा त्या चेनमध्ये आहे. कधी ही, कधी ती असं होत असेल तर दोष जमिनीत आणि चालवण्यात शोधा. आयडलरवरून निघाली तर ढिलाई, मध्ये अडकलेला दगड किंवा तिरका झालेला आयडलर हे संशयित. फक्त स्प्रॉकेटवरून निघाली तर झिजलेले दाते, दात्यांत दाबून बसलेला चिखल किंवा ट्रॅव्हल मोटरचे, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या मोटरचे ढिले बोल्ट. उतारावर आडवं चालताना उतरली तर ती चढाच्या बाजूला सरकलेली दिसेल. त्याचं कारण साधं आहे: जमीन चेनला धरून ठेवते आणि मशीनचं वजन रोलरना खाली ओढतं. अशा वेळी मशीनमध्ये बिघाड शोधत बसू नका.

शेतात अडकलेल्या मशीनवर चेन बसवताना

शक्यतो टणक, सपाट जागा हवी. मऊ रानातच अडकलं असेल तर बकेटखाली जाड फळी टाका. ब्लेड खाली दाबा. वरचा भाग उतरलेल्या चेनच्या बाजूला काटकोनात फिरवा, बूम आणि आर्ममध्ये ९० ते ११० अंशांचा कोन ठेवा आणि बकेटचे दात रोवण्याऐवजी तिचा गोल तळ जमिनीवर टेकवून ती बाजू उचला. वीतभर पुरे. लगेच फ्रेमखाली बाभळीचे ओंडके किंवा जुने स्लीपर लावा. नुसत्या हायड्रॉलिकवर तोललेल्या मशीनखाली हात घालायचा नाही, कारण एखादा होजपाईप फुटला किंवा लिव्हरला कोपर लागलं तरी मशीन खाली येतं. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा-शाहूवाडीकडे जांभ्याचा चिरा हाताशी असतो, पण ओंडक्याच्या जागी तो लावू नका. दाबाखाली तो सूचना न देता फुटतो.

आता इंजिन बंद, चावी खिशात. खोरं आणि पाणी घेऊन आयडलर, रोलर, स्प्रॉकेट आणि चेनची आतली बाजू लोखंड दिसेपर्यंत साफ करा. हे टाळलं तर चेन बसत नाही, आणि बसली तरी खोटा ताण दाखवते.

मग ग्रीस सोडायचं. ट्रॅक फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला एक भोक किंवा छोटं झाकण असतं, त्याच्या आत ग्रीस व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या टोकावर निप्पल, म्हणजे ग्रीस गन लावायचं तोंड असतं. पाना निप्पलला न लावता व्हॉल्व्हच्या मोठ्या षटकोनी भागाला लावायचा. पाव-पाव आटा डावीकडे फिरवा, एकूण एका आट्यापेक्षा जास्त नाही. तोंड भोकासमोर आणू नका, बाजूला उभे राहा. आतल्या ग्रीसवर प्रचंड दाब असतो. व्हॉल्व्ह पूर्ण सुटला तर तो गोळीसारखा बाहेर येतो, आणि ग्रीसची बारीक चिळकांडी कातडीतून थेट आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि इथेच माणूस फसतो. असं झालं तर हळद किंवा मलम लावून घरी थांबू नका. ताबडतोब कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासारख्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि “प्रेशरने ग्रीस आत गेलंय” हे शब्द डॉक्टरांना सांगा. उशीर झाला तर बोट जातं.

एक आटा फिरवूनही ग्रीस येत नसेल तर व्हॉल्व्ह आणखी उघडू नका. माणसं लांब करून, उचललेल्या अवस्थेत त्या बाजूचा स्प्रॉकेट थोडा पुढे-मागे फिरवा. बहुतेक वेळा ग्रीस सुटतं. त्यानंतर आयडलर पहारीने मागे रेटा.

चेन आधी स्प्रॉकेटवर बसवा, आतले लोखंडी दाते बरोबर खाचेत येऊ द्या. मग पुढचं टोक आयडलरवर टेकवा. आयडलरजवळ चेनच्या खाचांत लोखंडी पाईपचे दोन तुकडे अडकवा आणि इंजिन अगदी कमी ठेवून स्प्रॉकेट मागच्या दिशेने हळू फिरवा. चेन आयडलरवर चढायला लागली की थांबा आणि पहारीने आत ढकला. लिव्हरवर एक माणूस, चेनजवळ एक, आणि खुणा आधी ठरलेल्या. चेनजवळच्या माणसाने हात वर केल्याशिवाय लिव्हर हलवायची नाही. चेन फिरत असताना बोटं जवळ न्यायची नाहीत, हवी तेवढी लांब पहार वापरा.

बसली की पाईप काढा, व्हॉल्व्ह घट्ट करा पण पिळू नका, निप्पल पुसा आणि लिथियमचं ईपी-२ ग्रीस भरा. निप्पल न पुसता गन लावली की चिखलाचा कण आतल्या बॉलच्या सीटवर जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून गळती सुरू होते.

ताण मोजायचा, अंदाज नाही

ती बाजू उचललेली ठेवून चेन दोन-तीन फेरे पुढे-मागे फिरवा आणि थांबवा. मधल्या रोलरचा तळ आणि खाली लोंबणाऱ्या चेनची आतली सपाट बाजू यांतलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. हाच चेनचा झोळ. लहान मशीनला तो साधारण १० ते १५ मिमी हवा. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. २५-३० मिमी भरला तर चेन नक्की ढिली आहे. झोळच नसेल, चेन तबल्यासारखी वाजत असेल, तर थोडं ग्रीस सोडा.

एकाच जागी मोजून थांबू नका. चेन पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी मोजा. एका ठिकाणी १० आणि दुसरीकडे २० आलं तर चेनमधल्या तारा एका भागात तुटल्या किंवा ताणल्या आहेत. ती चेन कितीही ताणली तरी उतरणारच.

मऊ काळ्या मातीत ताण कोरड्या जमिनीपेक्षा किंचित कमीच ठेवायचा. हे उलटं वाटतं. पण शिरोळ-हातकणंगल्याकडची चिकण माती स्प्रॉकेटच्या दात्यांत भरली की चाकाचा घेर वाढल्यासारखं होतं आणि चेन आपोआप ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर दाते खाचेत न बसता मातीवर चढतात आणि चेन बाजूला घसरते. म्हणून ताण कामाच्या जागी, थोडा वेळ चालवून बघायचा. घरासमोरच्या फरशीवर लावलेला ताण रानात उपयोगाचा नाही.

ताण टिकतच नाही तेव्हा

स्वस्त मशीनमध्ये हे कारण सगळ्यात आधी तपासा. आज १२ मिमी लावलं आणि उद्या दुपारी २५ झालं, तर चेन एका दिवसात वाढलेली नसते. ग्रीस बाहेर जातंय.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. ताण लावल्यावर आयडलरच्या फोर्कपासून, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी चिमट्यापासून, ट्रॅक फ्रेमवरच्या एखाद्या ठळक कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि फ्रेमवरच रंगाच्या पेनने लिहा. दोन-तीन तास काम करून पुन्हा मोजा. अंतर कमी झालं असेल तर सिलिंडर बसतोय. तेवढंच असेल आणि तरी चेन ढिली असेल, तर रोलर, स्प्रॉकेट किंवा चेन बघायला हवी.

गळती कुठून आहे? व्हॉल्व्हच्या भोकात ताजं ग्रीस दिसलं तर व्हॉल्व्ह. तो काढण्याआधी दाब पूर्ण उतरलेला हवा, म्हणजे ग्रीस सुटून चेन अगदी सैल झालेली हवी. डिझेलमध्ये धुऊन बघा. सीट खराब असेल तर घासत बसू नका, नवीन व्हॉल्व्ह स्वस्त पडतो. आयडलरच्या फोर्कमागे, फ्रेमच्या आत ग्रीसचा लगदा साचला असेल तर पिस्टनचं सील गेलं.

सीलसाठी चेन काढून आयडलर, फोर्क आणि सिलिंडर पुढून बाहेर ओढायचे. इथे एक गोष्ट कधीच करायची नाही: दाबलेल्या स्प्रिंगचा नट शेतात उघडायचा नाही. ती स्प्रिंग कारखान्यातच दाबून बसवलेली असते आणि प्रेसशिवाय उघडली तर जिवावर बेतते. सील बदलायला स्प्रिंग उघडावी लागतच असेल तर अख्खा जोड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या प्रेस असलेल्या वर्कशॉपला न्या. पिस्टनवर बारीक गंजाचे ठिपके असतील तर बारीक पॉलिश पेपरने निघतात. नखाला लागणारे खड्डे असतील तर नवं सील आठवडाभरही टिकत नाही. मग पिस्टन लेथवर नवा करून हार्ड क्रोम करून घ्यायचा. सील आणायला जाताना जुनं सील आणि पिस्टन दोन्ही बरोबर न्या, कारण जुनं सील फुगलेलं असतं आणि त्याच्यावरून घेतलेलं माप चुकतं. पीयूचं (पॉलीयुरेथेनचं) सील मिळालं तर तेच घ्या. बसवताना सीलचा ओठ ग्रीसच्या बाजूला हवा. उलटा बसला तर पहिल्याच गनला गळेल.

काही अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ग्रीस सिलिंडरच नसतो, लांब बोल्ट आणि लॉकनटने ताण द्यायचा असतो. तिथे थरथरीने नट मागे येतो. नटावर नट लावा आणि दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

पाचट, ठिबकच्या नळ्या आणि वाळलेला चिखल

कोल्हापूरच्या शिवारातली ही खास अडचण आहे. तोड झालेल्या उसात मशीन घातलं की पाचट आणि ओली माती मिळून स्प्रॉकेटभोवती दोरखंड वळला जातो. ठिबकच्या जुन्या नळ्या त्याहून वाईट. नळी स्प्रॉकेट आणि मोटरच्या मधल्या फटीत शिरते, तिथल्या तेलाच्या सीलला कापते, आणि चेन उतरण्याच्या तक्रारीसोबत ट्रॅव्हल मोटरचं खर्चिक काम निघतं. काम सुरू करण्याआधी नळ्या गोळा करून बांधावर टाका, पाचट दाताळ्याने बाजूला करा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी काम संपताना एकेक बाजू उचलून चेन जोरात पुढे-मागे फिरवा, म्हणजे सैल माती उडून जाते. उरलेली खोऱ्याने काढा. काळी माती रात्रभर वाळली की सकाळी विटेसारखी होते. तशीच मशीन चालू केली की रोलर फिरत नाहीत, नुसते घासतात, आणि महिनाभरात एका बाजूने सपाट होतात. राधानगरी-गगनबावड्याकडच्या लाल मातीत चिकटपणा कमी असला तरी जांभ्याचे खडे असतात. आयडलर आणि चेनमध्ये मुठीएवढा खडा गेला तर चेन उडते किंवा आतली तार तुटते. तिथे प्रत्येक वेळी मागे येताना मागे काय पडलंय ते बघायची सवय लावा.

चालवताना होणाऱ्या चुका

नव्या ऑपरेटरला सगळ्यात आधी शिकवायची गोष्ट म्हणजे मशीनची पुढची बाजू कोणती. साधारण या मशीनमध्ये ब्लेड आणि आयडलर पुढे, स्प्रॉकेट मागे. वरचा भाग १८० अंश फिरवला की ऑपरेटरला जे पुढे वाटतं ते खरं तर मागे असतं, आणि लिव्हरही उलट्या चालतात. त्यामुळे माणूस दिवसभर नकळत रिव्हर्समध्ये मशीन हाकत असतो. चेनच्या दृष्टीने हे वाईट का? पुढे जाताना स्प्रॉकेट खालची बाजू ओढतो आणि ताण थोड्या लांबीवर येतो. मागे जाताना तो वरची बाजू ओढतो. ओढ आयडलरवर येते, आयडलरची स्प्रिंग दबते आणि सगळी ढिलाई स्प्रॉकेटच्या खाली गोळा होते. त्यातच वळलात की चेन दातावरून उडी मारते. त्या वेळचा “खट्” आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तो ऐकू आला की लिव्हर सोडा, ताण मोजा. आवाजाकडे कानाडोळा करून पाच मिनिटं चालवलं की चेन बाहेर.

लांब अंतर चालायचं असेल तर ब्लेड पुढे आहे याची खात्री करून पुढेच चाला. वळण मागे येताना घेऊ नका. एक चेन पुढे आणि दुसरी मागे करून जागच्या जागी गरकन फिरणं मऊ रानात आणि दगडावर दोन्हीकडे टाळा. मऊ रानात चेनच्या कडेला मातीचा ढीग साचतो आणि तोच तिला चाकावरून ढकलतो. दगडावर रबराच्या कडा फाटतात. पुढे-मागे करत तीन-चार टप्प्यांत वळा.

बांध ओलांडताना तिरकं जाऊ नका. काटकोनात, समोरासमोर जा, आणि बांध उंच असेल तर दोन्ही बाजूंना बकेटने माती ओढून उतार करा. उसाच्या सऱ्यांचंही तसंच. सरी तिरकी कापत गेलं की प्रत्येक वरंब्यावर मशीनचं वजन चेनच्या एकाच कडेवर येतं. नदीवरून येणाऱ्या पाणीपुरवठ्याच्या पाईपलाईनसाठी चर काढताना एक चेन चरीच्या काठावर आणि एक टणक जमिनीवर असं उभं राहणं नेहमीचं आहे. काठ ढासळला की त्या बाजूची चेन निम्मी हवेत राहते, आणि तशातच मशीन मागे घेतलं की उतरते. काठापासून किमान दीड-दोन फूट सोडून उभे राहा, आणि मशीन हलवण्याआधी चेनखाली जमीन आहे का ते खाली उतरून बघा.

झीज आणि तिरकेपणा

हे सगळं ठीक असूनही एकच बाजू त्रास देत असेल तर चेन काढून बघण्याला पर्याय नाही. रोलर हाताने फिरवा. अडखळत असेल, खडखडत असेल किंवा बाजूने तेल आलेलं असेल तर बदला. एक अडकलेला रोलर शेजारच्या दोन रोलरनाही खातो. रोलरची बाहेरची कड, म्हणजे चेनला आत ठेवणारी भिंत, झिजून गोल झाली असेल तर ती चेनला अडवत नाही. स्प्रॉकेटचे दाते एका बाजूने आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर बदला. डावा-उजवा स्प्रॉकेट सारखाच असेल तर अदलाबदल करून न झिजलेली बाजू काही काळ कामाला येते, पण ती तात्पुरती सोय.

नंतर स्प्रॉकेटच्या मध्यापासून आयडलरच्या मध्यापर्यंत गवंड्याची दोरी ताणा. सगळ्या रोलरचे मध्य त्या रेषेत दिसायला हवेत. आयडलर बाजूला झुकलेला असेल तर फोर्क वाकला किंवा फ्रेममधल्या घसरपट्ट्या झिजल्या. स्प्रॉकेट झुकलेला असेल तर आधी मोटरचे बोल्ट बघा, बऱ्याचदा तेच ढिले असतात. बोल्ट घट्ट करताना आट्यांना लॉकटाइट लावा. चेन आत-बाहेर सरकवून रुंदी बदलणारी अंडरकॅरेज (मशीनची खालची चौकट) असेल तर तिचे पिन आणि सरकती चौकट दोन्हींमधला खेळ बघा, आणि काम करताना ती पूर्ण बाहेर काढलेली असू द्या.

दोष चेनचा की लोखंडाचा हे कळतच नसेल तर दोन्ही चेनची अदलाबदल करा. तक्रार चेनसोबत दुसऱ्या बाजूला गेली तर चेन खराब. तिथेच राहिली तर लोखंड.

नवी चेन घेताना

रबरी चेनची कडी काढून ती आखूड करता येत नाही, ती अखंड असते. आयडलर पुढच्या टोकाला पोचूनही झोळ जात नसेल तर चेन बदलायचीच. माप आतल्या बाजूला कोरलेलं असतं, तीन आकडे: रुंदी, दोन लोखंडी दात्यांमधलं अंतर आणि दात्यांची संख्या. एक टनाच्या मशीनमध्ये १८० × ७२ × ३७ हे माप खूप चालतं. म्हणजे रुंदी १८० मिमी, अंतर ७२ मिमी, दाते ३७, आणि एकूण घेर ७२ × ३७ = २,६६४ मिमी. कोरलेलं पुसलं असेल तर दाते खडूने खुणा करत मोजा आणि अंतर एका दात्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत घ्या. शेजारच्या मशीनची रुंदी सारखी आहे म्हणून तिची चेन बसेलच असं नाही. रोलर चेनच्या कोणत्या भागावरून धावतो हेही जुळायला हवं, म्हणून जुन्या चेनचा आतून काढलेला फोटो दुकानदाराला दाखवा. शक्यतो जोडी घ्या. एक नवी आणि एक झिजलेली असली की मशीन एका अंगाला ओढतं आणि ऑपरेटर दिवसभर एका लिव्हरने ते सरळ करत बसतो. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवू नका. नव्या चेनचा झोळ पहिला आठवडा रोज सकाळी मोजा, नंतर साधारण दर ५० तासांनी. चेनवर सांडलेलं डिझेल किंवा ऑइल त्याच दिवशी पुसून टाका, त्याने रबर फुगतं.